एकर-गुंठे, देवनागरी आकडे आणि क्रॅनची वाट

फेब्रुवारी २०२५ मध्ये आर या संख्याशास्त्रासाठीच्या संगणक-भाषेतलं माझं पहिलं पॅकेज, म्हणजे इतरांना वापरता येईल असा कोडचा संच, क्रॅन या तिच्या भांडारावर आलं. काम सुरू केलं होतं जून २०२४ मध्ये. मधल्या काळात या प्रक्रियेबद्दल मराठीत काही वाचायला मिळतंय का, ते पुष्कळ शोधलं. इंग्रजीत माहितीची कमतरता नाही, पण ती लिहिणारे बहुतेक जण संगणकाच्याच क्षेत्रातले असतात. मी कृषी अर्थशास्त्र शिकले. सोलापूर जिल्ह्यात शेतकरी कुटुंबांच्या पाहण्या करणाऱ्या एका अनुदानित संस्थेत नोकरी करते आणि माझा जवळपास सगळा डेटा मराठीत असतो. अशा माणसाला काय काय लागतं, कुठे किती थांबावं लागतं, ते घडलं त्या क्रमाने लिहिते आहे. पॅकेजचं नाव मुद्दाम देत नाही. ते कोणतंही असतं तरी वाट हीच होती.

आर ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बेल लॅब्समध्ये १९७६ च्या सुमारास तयार झालेल्या एस या भाषेच्या धर्तीवर न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आर लिहायला घेतली. १९९५ मध्ये ती जीपीएल या, कोणालाही वापरायला-बदलायला मुभा देणाऱ्या परवान्याखाली खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० ला तिची १.०.० ही आवृत्ती आली. क्रॅन म्हणजे तिच्या पॅकेजेसचं भांडार. १९९७ मध्ये व्हिएन्नामधून ते सुरू झालं आणि आज तिथे २०,००० हून अधिक पॅकेजेस आहेत. तिथे पॅकेज ठेवायला एक रुपयाही लागत नाही आणि आलेली पॅकेजेस तपासणारी माणसं स्वयंसेवक आहेत. ही गोष्ट मी शेवटपर्यंत डोक्यात ठेवली, त्यामुळे प्रत्येक प्रतीक्षा सोपी गेली. आणखी एक: जमिनीच्या मापातही 'आर' आहे, म्हणून खाली मापाचा आर येईल तिथे 'हेक्टर-आर' असंच लिहिलं आहे.

आता पॅकेजची गरज का पडली ते सांगते, कारण पुढचे बरेचसे पेच त्यातूनच आले.

आमच्याकडे मोहोळ, माढा, बार्शी तालुक्यांतून पाहणीचे फॉर्म येतात. क्षेत्राच्या रकान्यात शेतकऱ्याने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलेलं असतं. 'एक एकर वीस गुंठे' कोणी '१-२०' लिहितो, कोणी '१.२०'. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे हे क्षेत्र दीड एकर झालं. सातबाऱ्यावर मात्र तेच '१.२०' म्हणजे १ हेक्टर २० आर, जवळजवळ तीन एकर. आणि ज्याने पूर्वी कधी अधिकारी म्हणून काम केलं आहे तो दशांशात सांगतो, त्याचं '१.२०' म्हणजे खरंच एक पूर्णांक दोन दशांश एकर. फॉर्म एक्सेलमध्ये भरताना '१.२०' इंग्रजी आकड्यांत टाकलं की शेवटचं शून्य गळतं आणि १.२ उरतो; तो दोन गुंठ्यांचा की वीस, हे नंतर कुणालाही सांगता येत नाही. '१-२०' टाकलं तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. समजा त्या दीड एकरात १२ क्विंटल तूर झाली. एकरी उत्पादन ८ क्विंटल. क्षेत्र १.२ एकर धरलं तर तेच १० क्विंटल होतं. जमीन तीच, तूर तीच, आणि कागदावर उत्पादकता २५ टक्क्यांनी वाढलेली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांत नमुना निवड शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून आयुष्यातली कित्येक वर्षं घातली. त्या परंपरेत काम करताना भागाकारातला छेदच असा निसटू देणं मला सहन होत नव्हतं.

आम्ही यासाठी आरमध्ये छोटी छोटी फंक्शन्स, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे, लिहिली होती. देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलणारं एक, कारण आरला मजकुरातला '१२' आकडा म्हणून वाचायला सांगितलं तर उत्तरात रिकामी जागा मिळते. एकर-गुंठ्यांचं हेक्टर करणारं दुसरं. आणि पिकांची, गावांची नावं एकसारखी करणारं तिसरं. हे तिसरं सर्वांत महत्त्वाचं ठरलं. 'ऱ्या' मधला र दोन प्रकारे साठवला जातो: एका संकेतांकात (संगणकात अक्षरासाठी ठरलेला क्रमांक), किंवा साधा र आणि खाली नुक्ता असे दोन संकेतांक मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. त्यामुळे एकाच गावाचे सारणीत दोन गट पडायचे. आयसीयू या युनिकोड मजकूर हाताळणाऱ्या खुल्या कोडसंचावर बांधलेलं स्ट्रिंगी नावाचं पॅकेज हे सरळ करतं, आम्ही तेच वापरत होतो.

ही फंक्शन्स एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवली जात होती आणि प्रत्येकाकडे थोडी वेगळी आवृत्ती होती. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातल्या मॅडमनी मागितली तेव्हा ठरवलं की याचं नीट पॅकेज करायचं. नुसतं गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर ठेवूनही चाललं असतं. पण आमच्या क्षेत्रात बहुतेकांना आरमध्ये एका ओळीच्या आदेशाने क्रॅनवरून बसवता येणारं पॅकेजच ठाऊक असतं, आणि काही कार्यालयांतल्या संगणकांवर त्यापलीकडचं काही बसवायला परवानगीही नसते. म्हणून क्रॅन.

जून महिना वाचनात गेला. दोन दस्तऐवज वाचल्याशिवाय सुरुवात करू नका: क्रॅनचं धोरणपत्र आणि आर गटाचं पॅकेज लेखनाचं अधिकृत मार्गदर्शक. पहिलं छोटं आहे, दोनदा वाचा. दुसरं जाडजूड आहे, पहिलं प्रकरण पुरतं. आरची अजिबात सवय नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आरवर छोटे धडे आहेत, माझ्या एका सहकाऱ्याने तिथूनच सुरुवात केली.

नाव याच वेळी ठरवा. क्रॅनवर नावात फक्त साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि टिंब चालतं. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मोजला जात नाही आणि भांडारातून काढून टाकलेल्या जुन्या पॅकेजचं नावही मोकळं समजलं जात नाही. बायोकंडक्टर या जीवशास्त्राच्या भांडारातली नावंही टाळावी लागतात. एकदा लागलेलं नाव कायमचं, म्हणून चार जणांना मोठ्याने वाचायला लावा.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात संस्थेत अर्ज दिला. हे पाऊल अनेक जण गाळतात, पण नोकरीच्या वेळेत लिहिलेल्या कोडवर हक्क कोणाचा, हा प्रश्न नंतर सोडवण्यापेक्षा आधी सोडवलेला बरा. अर्ज आवक नोंदवहीत चढवून क्रमांक घेतला. आस्थापना विभागातल्या भाऊंनी विचारलं,

"मॅडम, हे विकायचं आहे का?"

"नाही हो, फुकट द्यायचं आहे."

"मग परवानगी कशाला?"

"फुकट दिलेलं परत मागता येत नाही म्हणून."

ते थोडा वेळ अर्जाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग टिप्पणी जरा नीट लिहू." आणि खरोखरच त्यांनी ती इतकी नीट लिहिली की पुढे कुठेच अडकली नाही. टिप्पणीत तीन गोष्टी होत्या: सॉफ्टवेअर जीपीएल-३ परवान्याखाली खुलं होईल, संस्थेचं नाव हक्कधारक म्हणून येईल आणि शेतकऱ्यांची कोणतीही माहिती त्यात जाणार नाही. कायदा सल्लागारांना एकच शंका होती, कोणी हे वापरून चुकीचा निष्कर्ष काढला तर जबाबदार कोण. जीपीएलमध्येच हमी नाकारणारी कलमं आहेत. त्या कलमांची प्रत आणि खाली मराठीत चार ओळींचा अर्थ जोडून दिला. पत्र अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात हातात आलं. अडीच महिने गेले, पण त्या काळात कोडचं काम थांबलं नव्हतं. तुम्हीही परवानगी आणि लेखन समांतर चालू ठेवा.

डेटाचा प्रश्न मी सुरुवातीलाच निकाली काढला. पॅकेजसोबत नमुन्याचा डेटा दिला तर शिकणाऱ्याला सोपं जातं. पण आमच्या खऱ्या फॉर्मवर नाव, गट नंबर, कर्जाची रक्कम असं सगळं असतं. नुसतं नाव काढून भागत नाही. छोट्या गावात गट नंबर, पीक आणि क्षेत्र एवढ्यावर माणूस ओळखता येतो. म्हणून नमुना पूर्ण बनावट केला: गावं काल्पनिक, क्षेत्रं संगणकाने काढलेली, फक्त लिहिण्याच्या तऱ्हा खऱ्या. ज्यांनी ओसरीवर बसवून, चहा देऊन आम्हाला घरचा हिशोब सांगितला त्यांचा विश्वास कोणत्याही पॅकेजपेक्षा मोठा आहे, यावर मी ठाम होते आणि आहे.

ऑक्टोबरमध्ये लेखनाचा मुख्य भाग झाला. डेव्हटूल्स आणि यूजधिस ही पॅकेजेस सांगाडा उभा करून देतात, रॉक्सिजन मदतपानं तयार करतं, टेस्टदॅट चाचण्या चालवतं. यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी पुन्हा लिहीत नाही. एकच निर्णय सांगते. क्षेत्र वाचणारं फंक्शन कधीही अंदाज करणार नाही, असं आम्ही ठरवलं. वापरणाऱ्याने सांगायचं की रकाना एकर-गुंठ्यांचा आहे, हेक्टर-आरचा आहे की दशांश एकरांचा. एकर-गुंठे सांगून '१.७५' आलं तर फंक्शन ते रूपांतरित करत नाही, कारण ७५ गुंठे संभवत नाहीत. ते संशयित म्हणून वेगळं काढतं, म्हणजे माणूस मूळ फॉर्म उघडून बघेल. एका गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. चाचणीसाठी ४० गुंठ्यांचे ०.४०४७ हेक्टर येतात का, हे पहिलं तपासलं.

दिवाळीच्या सुट्टीत देवनागरीच्या अडचणी एकेक करून सोडवल्या. हा भाग मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी कोणत्याही भाषेसाठी पॅकेज करणाऱ्याने लक्ष देऊन वाचावा.

क्रॅनच्या नियमानुसार आर कोडच्या फाइलींत फक्त साधी इंग्रजी कळफलकावरची अक्षरं हवीत. म्हणजे 'गुंठे' हा शब्द कोडमध्ये सरळ लिहिता येत नाही, त्याचं प्रत्येक अक्षर युनिकोड संकेतांकाने लिहावं लागतं. देवनागरी शून्य ते नऊ हे संकेतांक ०९६६ ते ०९६एफ असे सलग आहेत, त्यामुळे अंकांचं काम पटकन झालं. शब्दांचं मात्र वाचायला फार कठीण होतं. आम्ही सगळे मराठी शब्द एकाच फाइलमध्ये एकत्र आणले आणि प्रत्येकाशेजारी रोमन लिपीत तो शब्द टिपला, म्हणजे नंतर बघणाऱ्याला कळेल.

दुसरी अडचण मदतपानांची. क्रॅन मदतपानांची पीडीएफ पुस्तिका लाटेक या मजकूर मांडणीच्या सॉफ्टवेअरवर तयार करतं आणि त्याची नेहमीची मांडणी देवनागरी अक्षर दिसलं की थांबते. त्यामुळे मदतपानांतली उदाहरणंही संकेतांकांतच द्यावी लागली. पण लांब मार्गदर्शक लेख, ज्यांना व्हिनेट म्हणतात, ते एचटीएमएल स्वरूपात ठेवता येतात आणि तिथे देवनागरीला काहीच अडकाव नाही. म्हणून एक व्हिनेट इंग्रजीत आणि एक पूर्ण मराठीत लिहिलं. मराठी व्हिनेट लिहिताना जितका आनंद झाला तितका कोड लिहिताना झाला नाही. सारणी, स्तंभ, गहाळ नोंद, संशयित नोंद असे आपले शब्द आरच्या पॅकेजमध्ये बसलेले बघणं माझ्यासाठी मोठी गोष्ट होती.

तिसरी गोष्ट विंडोजची. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ४.२.० आवृत्तीपासून आर विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्या साठवणारी युनिकोड पद्धत थेट वापरते. त्याआधीच्या आवृत्तीत मराठी मजकुराच्या जागी कोनी कंसातले संकेतांक दिसायचे आणि कित्येकांनी तेवढ्यावर आर सोडून दिली. तुमच्या कार्यालयात जुनी आर असेल तर आधी ती बदला. आम्ही पॅकेजला ४.२.० किंवा पुढची आवृत्ती लागेल असं नोंदवूनच टाकलं. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींना पॅकेज हात लावत नाही, तसं मदतपानावर स्पष्ट लिहिलं आहे.

नोव्हेंबरमध्ये बाहेरच्या दोघांकडून चाचणी करून घ्यायची होती. पण विधानसभेची निवडणूक लागली, २० तारखेला मतदान होतं आणि दोघेही निवडणूक कामावर. तो महिना तसाच गेला. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी पॅकेज चालवून पाहिलं आणि फार उपयोगी सूचना दिल्या. विशेषतः इशाऱ्यांची भाषा. 'अवैध मूल्य' असं नुसतं सांगण्यापेक्षा कोणत्या ओळीतलं कोणतं मूल्य ते सांगा, म्हणजे फॉर्मचा गठ्ठा उपसावा लागत नाही.

मग औपचारिक तपासणी. आरमध्येच एक आदेश आहे जो पॅकेज क्रॅनच्या कसोट्यांवर घासून बघतो. निकाल तीन प्रकारचे: त्रुटी, इशारा, टीप. पहिल्या दोन शून्य हव्यातच. टीपही शक्यतो नको, पण पहिल्यांदा पाठवताना 'नवीन पॅकेज' अशी एक टीप येतेच, तिने घाबरू नका. आम्हाला आणखी दोन आल्या. वर्णनातले 'गुंठा' आणि 'देवनागरी' हे रोमन लिपीतले शब्द स्पेलिंगची चूक असू शकतात अशी एक, आणि नमुना डेटात यूटीएफ-८ मजकूर आहे अशी दुसरी. दोन्हींचं कारण पॅकेजसोबत जाणाऱ्या टिपणात दोन वाक्यांत लिहिलं.

आपल्या संगणकावर तपासणी पार झाली तरी थांबा. विन-बिल्डर नावाची विनामूल्य सेवा आहे. तिथे पॅकेज चढवलं की विंडोजवर, आरच्या येऊ घातलेल्या आवृत्तीतही ते तपासलं जातं आणि साधारण अर्ध्या तासात निकालाचा दुवा ईमेलवर येतो. निकाल काही दिवसांनी पुसले जातात, उतरवून घ्या. मॅकसाठीही अशीच सेवा आहे. पीडीएफ पुस्तिका तपासायला लाटेक हवं, त्यासाठी टायनीटेक ही छोटी आवृत्ती पुरते. या सगळ्यात माझा खर्च झाला तो एवढाच: लॅपटॉपची रॅम वाढवायला १,९०० रुपये आणि मोबाइल डेटाची दोन-तीन जादा रिचार्ज.

पॅकेज पाठवायला तयार झालं तेव्हा नाताळ जवळ आला होता. क्रॅन नाताळच्या सुमाराला जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि युरोपातल्या उन्हाळ्यात काही दिवस पॅकेजेस स्वीकारणं बंद ठेवतं. तारखा आधी जाहीर होतात, आपलं वेळापत्रक त्याप्रमाणे आखा. सुट्टी संपल्यावर पहिल्या काही दिवसांत तिथे गर्दी असते, म्हणून संक्रांत होऊ दिली.

१५ जानेवारीला पाठवलं. एक साधं पान आहे: नाव, ईमेल, पॅकेजची फाइल, टिपण. लगेच एक ईमेल येतं, त्यातल्या दुव्यावर जाऊन आपण धोरण वाचलं आहे याची खात्री द्यावी लागते. ते ईमेल स्पॅममध्ये जाऊ शकतं. इथे ईमेलबद्दल महत्त्वाचं सांगते. पॅकेजच्या देखभालीसाठी एका माणसाचं नाव आणि त्याचा टिकाऊ ईमेल पत्ता लागतो. कंत्राटी नोकरीतला किंवा विद्यार्थी म्हणून मिळालेला पत्ता देऊ नका. तो बंद पडला आणि क्रॅनची पत्रं परत जायला लागली तर पॅकेज भांडारातून काढलं जातं. मी माझा वैयक्तिक पत्ता दिला. आणि क्रॅनशी पत्रव्यवहार साध्या इंग्रजी मजकुरात करायचा असतो, सजावट नको. माझ्या ईमेलखाली मराठी स्वाक्षरी आपोआप लागते, ती तेवढ्यापुरती बंद केली.

त्याच संध्याकाळी स्वयंचलित तपासणीचा निकाल आला. विंडोज आणि डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) दोन्हींवर पार, फक्त त्या अपेक्षित टिपा. मग पॅकेज नवागतांच्या रांगेत गेलं, जिथे माणूस ते वाचतो. ही रांग उघड आहे. क्रॅनच्या सर्व्हरवर न्यूबीज, इन्स्पेक्ट, वेटिंग, पब्लिश अशा फोल्डरांत आपली फाइल कुठे आहे ते कोणालाही दिसतं. मी रोज सकाळी बघत होते. मनात धाकधूक होती हे खरं. माझं इंग्रजी, माझं कोड, सगळं कोणीतरी व्हिएन्नाकडे बसून बारकाईने वाचणार, ही भावना परीक्षेच्या निकालासारखी होती. या काळात चौकशीचं ईमेल पाठवू नका. दहा दिवस होऊन गेले तरच विचारावं.

प्रजासत्ताक दिनाच्या आधी पत्र आलं. छोटं, थेट आणि उपयोगी. त्यातले मुद्दे सांगते, कारण हे नवीन पॅकेजेसना वारंवार सांगितले जातात. वर्णनात दुसऱ्या सॉफ्टवेअरची नावं एकेरी अवतरणात हवीत. प्रत्येक मदतपानावर फंक्शन काय परत देतं, त्याची रचना आणि अर्थ, हे लिहिलेलं हवं. काहीच परत देत नसेल तर तसंही लिहा. जी उदाहरणं चालू शकतात ती 'चालवू नका' अशा खुणेत गुंडाळू नका, फार वेळ लागत असेल तर वेगळी खूण आहे. पडद्यावर छापलेला संदेश वापरणाऱ्याला बंद करता यायला हवा. आलेखाच्या सेटिंग बदलल्या तर फंक्शन संपताना त्या पूर्ववत करा. आणि फाइल लिहिणारं उदाहरण वापरणाऱ्याच्या फोल्डरमध्ये काही टाकणार नाही, तात्पुरत्या फोल्डरमध्येच लिहील.

पहिल्या वाचनात ही यादी औपचारिक वाटते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की प्रत्येक मुद्द्यामागे एक अनोळखी वापरणारा उभा आहे. ज्याच्या संगणकावर न विचारता फाइल तयार होऊ नये, ज्याचा पुढचा आलेख बिघडू नये, ज्याला मदतपान वाचून उत्तर मिळावं. माढ्यातला एखादा पदव्युत्तर विद्यार्थी माझं पॅकेज बसवेल तेव्हा मी तिथे नसणार. त्याची बाजू घेऊन बोलणारं माणूस या साखळीत आहे, तेही पगाराविना. याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

दुरुस्त्या आठवडाभर संध्याकाळी बसून केल्या. आवृत्तीचा क्रमांक वाढवला आणि टिपणात प्रत्येक मुद्द्याखाली काय बदललं ते एकेका ओळीत लिहिलं. एखादा मुद्दा पटला नाही तर त्याच ईमेलला सर्वांना उत्तर देऊन शांतपणे कारण सांगता येतं, पण आमच्याकडे तशी वेळ आली नाही. पुन्हा पाठवलं, पुन्हा तीच रांग. एका मदतपानावर परतीच्या मूल्याचं वर्णन अजून नेमकं करा असं सांगितलं गेलं, ते केलं. १२ फेब्रुवारीला दुपारी एका ओळीचं पत्र आलं: धन्यवाद, पॅकेज क्रॅनच्या वाटेवर आहे. आस्थापना विभागातल्या भाऊंना पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी पत्राची प्रत मागून घेतली आणि त्याच फाइलला लावली.

विंडोज आणि मॅकसाठीच्या तयार आवृत्त्या बनायला पुढचे दोन-तीन दिवस लागतात. तोवर 'पॅकेज बसत नाही' असे फोन येऊ शकतात. लोकांना आठवडाभराने कळवलेलं बरं. पॅकेजच्या पानावर एक सारणी असते, वेगवेगळ्या संगणक प्रणालींवर ते रोज तपासलं जातं त्याची. आरची नवी आवृत्ती आली, किंवा आपण ज्यावर अवलंबून आहोत ते पॅकेज बदललं, की तिथे लाल रंग दिसू शकतो. मग दुरुस्तीची मुदत देणारं ईमेल येतं. साधारण दोन-तीन आठवडे मिळतात, मुदत चुकली तर पॅकेज भांडारातून निघून जुन्या पॅकेजेसच्या संग्रहात जातं. म्हणून आपण ज्यांवर अवलंबून आहोत ती पॅकेजेस कमी ठेवा. आमचं फक्त स्ट्रिंगीवर उभं आहे. देखभालीचं काम माझ्या एका सहकाऱ्यालाही शिकवून ठेवलं आहे, म्हणजे मी आजारी पडले किंवा बदली झाली तरी उत्तर द्यायला कोणी असेल. आणि दर आठवड्याला नवी आवृत्ती पाठवायची नसते. एक-दोन महिन्यांतून एकदापेक्षा जास्त नको, असं धोरणातच आहे.

आता पुढची आवृत्ती तयार होते आहे. एका तलाठी भाऊसाहेबांनी निदर्शनास आणलं की काही जुन्या नोंदींत गुंठ्याच्या पुढे आणेही असतात, १६ आण्यांचा एक गुंठा, आणि आमचं फंक्शन ते सगळं संशयित म्हणून बाजूला काढतं. त्यांनी स्वतः बसून लिहिण्याच्या तऱ्हा टिपून दिल्या आहेत. त्यांवरून चाचण्या लिहून झाल्या, फंक्शनचं काम चालू आहे. तुमच्या भागात क्षेत्र आणखी कशा तऱ्हेने लिहितात ते कळवलंत तर तेही यात घालता येईल. शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर मात्र पाठवू नका, फक्त लिहिण्याची पद्धत पुरे.